शंका घेणारे शिष्य

शुभवर्तमानांत येशूचे शिष्य जागोजाग गोंधळलेले दिसतात. दृष्टांताचा अर्थ त्यांना एकांतात पुन्हा विचारावा लागतो. पित्याचे एकदा दर्शन घडले म्हणजे पुरे, असे फिलिप भोळेपणाने म्हणतो. आणि थोमा तर जखमांची खूण पटल्यावाचून विश्वास ठेवावयास तयार नसतो. हे प्रसंग शुभवर्तमानकारांनी झाकून ठेवले नाहीत, हा त्यांचा मोठाच प्रामाणिकपणा होय. या जातीचे शिष्य महाराष्ट्रात शोधू गेल्यास रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याकडे प्रथम वळावे लागते.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. १८९३ मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. तथापि मन वेधणे निराळे आणि बुद्धीचे समाधान होणे निराळे. शंका, वाचन व पत्रव्यवहार यांत बराच काळ गेल्यावर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंचा गोंधळ ग्रंथांतला नव्हता; तो चुलीशी आणि पाण्याच्या घागरीशी होता. कडक सोवळ्याच्या घरात त्या वाढलेल्या. पतीने धर्म सोडल्यावर कित्येक वर्षे त्या माहेरच्या व सासरच्या आप्तांकडे राहिल्या. पुढे त्यांच्याकडे परतल्या, तरी स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळे. टिळक तसे तापट गृहस्थ. पण या बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही, ही गोष्ट त्यांच्या कवितेइतकीच मोलाची मानावयास हवी. जाती देवाने केल्या की माणसाने, या एका प्रश्नाशी बाई एकट्याच झगडल्या. माणसाने केल्या असे मनाला पटले, तेव्हा त्यांनी आधी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मत बदलल्यावर आचार बदलणारे पुष्कळ भेटतात, पण आचाराची गाठ अशी स्वतःच्या हाताने सोडवून मग मताकडे जाणारे विरळा. ‘स्मृतिचित्रे’त हा सारा प्रवास त्यांनी स्वतःवरच हसत सांगितला आहे.

टिळकांच्या शंका मात्र बाप्तिस्म्याने मिटल्या नाहीत. त्यांनी केवळ रूप पालटले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. मग ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी आपल्या भाषेला, भजनाला आणि कीर्तनाला परके का व्हावे? पगार घेऊन उपदेश करणाऱ्याला लोकांनी भाडोत्री समजावे, यात लोकांचा दोष किती? या प्रश्नांचे उत्तर त्यांनी १९१७ मध्ये कृतीने दिले. अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोहोंनाही त्या दरबारात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती.

येथेच खरी अडचण आहे. बाप्तिस्मा हा जर प्रवेशाचा दरवाजा, तर दरवाजाबाहेरच्याला शिष्य कसे म्हणावे? चर्चच्या दृष्टीने हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. शिस्तीवाचून संस्था चालत नाही. परंतु बारा शिष्यांना हाक आली, तेव्हा त्यांना तरी काय समजले होते? जाळी टाकून ते आधी निघाले, समज मागाहून आली. टिळकांनी आपल्या दरबाराचे दार नेमके तेवढ्यापुरते उघडे ठेवले, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

या प्रयोगास पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या काव्याचे अवघे दहाच्या सुमारास अध्याय लिहून झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. एके काळी नवऱ्याच्या घरचे पाणी न पिणाऱ्या या बाई १९३६ साली निवर्तल्या, आणि १९३८ मध्ये तो ग्रंथ छापून बाहेर आला.