पवनार : दोन दानपत्रांचं गाव



नागपूरहून वर्ध्याला येताना, वर्धा साताठ किलोमीटरवर राहिलं की धाम नदीचा पूल लागतो. अलीकडे गाव, पलीकडे टेकाडावर आश्रम. बाहेरगावचे पाहुणे पुलावरून हात जोडतात, "विनोबांचा आश्रम ना हा?" असं विचारतात आणि गाडी पुढे जाते. गावाचं नाव कुणी विचारत नाही. आज त्या गावाबद्दलच लिहायचं आहे. आमच्या कुटुंबातली पुण्या-मुंबईकडची आणि परदेशातली मुलंही हे लिखाण वाचतात. वर्धा म्हटलं की त्यांना गांधीजींच्या पलीकडे काही आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी वर्ध्याचंच वय बघा. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ साली. तेव्हा मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी हलवलं आणि त्या जागी आखीव रस्त्यांचं वर्धा शहर वसलं. म्हणजे आमचं शहर दीडशे-एकशेसाठ वर्षांचं, आणि त्याच्या शेजारचं पवनार हे खेडं दीड हजार वर्षांहून जुनं. अकबराच्या वेळच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, तिच्यात पवनार हे एक सरकार म्हणून येतं. तेव्हा वर्धा शहराचा मागमूसही नव्हता.

पण पवनारचा खरा मोठा काळ त्याच्याही हजार-अकराशे वर्षं आधीचा, वाकाटकांचा. शाळेच्या पुस्तकात वाकाटक दोन ओळींत येऊन जातात, म्हणून थोडं मागून सांगतो. विदर्भावर राज्य करणाऱ्या या घराण्यात गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली. नवरा लवकर गेला, मुलं लहान. तिनं मुलांच्या वतीनं स्वतः कारभार हाती घेतला. तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. त्यात दंगुण नावाचं गाव दान दिल्याचं लिहिलं आहे. हे दंगुण म्हणजे आपलं हिंगणघाट, असं डॉ. वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आता हिंगणघाटच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!

प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन. पाचव्या शतकातला हा राजा. 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य त्याच्या नावावर आहे. त्याची राजधानी आधी रामटेकजवळच्या नंदिवर्धनला होती. पुढे त्यानं आपल्या नावाचं नवं नगर वसवलं, प्रवरपूर. त्याचे नंतरचे अनेक ताम्रपट या प्रवरपुरातून दिलेले आहेत. प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं मिराशींनी नावाच्या आणि इथे सापडलेल्या शिल्पांच्या आधारे ठरवलं. अलीकडे रामटेकजवळच्या मनसरला मोठं उत्खनन झालं, तेव्हा प्रवरपूर तिथे असावं, असंही काही संशोधकांनी म्हटलं. वाद आहे, पण मिराशींचं मत मोडीत निघालेलं नाही. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला खोदून पाहिलं, तेव्हा वाकाटकांच्याही आधीपासून इथे वस्ती असल्याचं दिसून आलं. सातवाहनांच्या काळातही हे गाव नांदतं होतं.

आता या प्रवरपुरातून निघालेल्या एका ताम्रपटाकडे वळू. प्रवरसेनाच्या अठराव्या वर्षातला हा पट अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला. त्यात चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं आहे. जमीन ८००० भूमी, राजाच्या मापानं. इथवर नेहमीचंच. पण पुढे त्या गावाला कशाकशातून सूट दिली, याची यादी येते, आणि माझ्यासारख्या मास्तराला ती यादी सगळ्यात मोलाची वाटते. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाकडून गाय-बैल घेतले जाणार नाहीत. फुलं आणि दूध घेतलं जाणार नाही. गवत, कातडी, कोळसा घेतला जाणार नाही. मिठाच्या खाणीवर सरकारचा हक्क नाही. आणि वेठबिगार नाही.

वर्गात मी ही यादी फळ्यावर लिहायचो आणि मुलांना विचारायचो, "ज्या गावाला ही सूट मिळाली नव्हती, तिथे काय होत असेल?" मुलं थोडा वेळ गप्प बसायची. मग मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "सर, तिथे हे सगळं द्यावं लागत असन." बरोबर! सवलतीच्या यादीतून छळाची यादी वाचता येते. राजाचा माणूस गावात आला की दूध काढून द्या, बैल जुंपून द्या, अंगमेहनतीनं फुकट राबा. ज्या कास्तकारांबद्दल एक ओळही कुठे कोरलेली नाही, ते असे उलट्या बाजूनं आपल्याला भेटतात.

आणखी एक गोष्ट. दान घेणाऱ्यांवर अटीही आहेत. राज्याविरुद्ध कट करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, लढाया करायच्या नाहीत, दुसऱ्या गावांचं नुकसान करायचं नाही. या अटी मोडल्या तर राजा जमीन परत घेईल आणि त्याला चोरी म्हणता येणार नाही. म्हणजे दान हा नुसता धर्म नव्हता, तो राज्यकारभार होता. वरून खाली दिलेली जमीन आणि तिच्याबरोबर वरून खाली आलेली शिस्त. आणि तिथे आधीपासून जमीन कसणाऱ्यांना कुणी विचारलं असेल, असं त्या पटावरून तरी दिसत नाही.

मग राजधानी गेली, घराणं संपलं. पवनारला लोकांनी आपला इतिहास आपल्या पद्धतीनं रचला. आमच्याकडे पवन राजाची गोष्ट सांगतात. त्याच्याजवळ परीस होता. प्रजा करापोटी लोखंडी फाळ द्यायची आणि राजा परिसानं त्यांचं सोनं करायचा. शेवटी शत्रू आला तेव्हा राजानं परिसासकट धाम नदीत उडी घेतली. इतिहासाच्या कसोटीला ही गोष्ट टिकणार नाही, हे उघड आहे. पण कर भरून आपल्याला तोटा होऊ नये, ही कास्तकाराची इच्छा मात्र तिच्यात अस्सल उतरली आहे. ताम्रपटातली वेठबिगार आणि गोष्टीतला परीस शेजारी-शेजारी ठेवून बघा.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. विनोबा वर्ध्याला आले १९२१ मध्ये. १९३८ पर्यंत अंगावर हाडं तेवढी राहिली होती. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जा, असं सुचवलं गेलं. ते गेले पवनारला, जमनालालजी बजाजांच्या नदीकाठच्या बंगल्यात. पूल ओलांडताना सगळ्या कामाच्या चिंता सोडल्याचं त्यांनी मनाशी म्हटलं. धाम नदीच्या पलीकडची जागा, म्हणून नाव पडलं परमधाम. तब्येत सुधारावी म्हणून त्यांनी रोज थोडं-थोडं वावर खणायला सुरुवात केली. आणि तिथल्या मातीतून मूर्ती निघू लागल्या.

त्यातली एक मूर्ती राम आणि भरत यांच्या भेटीची म्हणून ओळखली जाते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली होती. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यात राम-भरत भेटीचं चित्र एखाद्या चित्रकारानं काढावं, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. सहा वर्षांनी पवनारला जमिनीतून तेच शिल्प हाती आलं. त्यांना तो ईश्वरी संकेत वाटला, आणि आश्रमात ती मूर्ती पुजली गेली. इथल्या शिल्पांत मिराशींना रामायणातले प्रसंग दिसले, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी त्यातल्या काहींचा अर्थ वेगळा लावला. ते विद्वानांवर सोडू. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, वाकाटकांचं देऊळ शोधायला कुणी मुद्दाम आलं नव्हतं. अंगमेहनत करणाऱ्या एका आजारी माणसाच्या कुदळीला ते लागलं.

पुढच्या घटना पटापट सांगतो. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात विनोबांनी पवनारच्या भाषणानं केली. चार दिवसांनी देवळीला त्यांना अटक झाली. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा अंश इथे धाम नदीत विसर्जित झाला. १९५० च्या सुमारास आश्रमात पैशाविना जगण्याचा प्रयोग चालू होता. बैलांऐवजी माणसंच रहाट फिरवून पाणी काढायची. मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारलं आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. भूदान सुरू झालं ते असं.

वाचकहो, माझ्या मनात ही दोन दानपत्रं कायम एकमेकांसमोर उभी राहतात. पाचव्या शतकात प्रवरपुरातून राजा गावं देतो. विसाव्या शतकात त्याच पवनारहून निघालेला एक फकीर माणूस दारोदार जमीन मागतो. पहिल्यात जमिनीवर आधीपासून राबणाऱ्याचं नावही नाही. दुसऱ्यात सगळी खटपट त्याच्यासाठीच. दीड हजार वर्षांत दानाची दिशा फिरली, आणि ती फिरवणारा माणूस ज्या टेकाडावर राहत होता तिथेच जुन्या राजाच्या देवळाचे दगड पुरलेले होते.

पण म्हणून आरती ओवाळून थांबायचं नाही. भूदानात ४० लाखांहून अधिक एकर जमीन मिळाल्याचे आकडे आहेत. त्यातली बरीच कधी वाटलीच गेली नाही. काही नापीक निघाली, काही वादात अडकली, काही कागदावरच राहिली. प्रवरसेनाचं दान तांब्यावर कोरलेलं होतं, ते टिकलं. विनोबांचं दान माणसाच्या शब्दावर होतं आणि शब्द पाळायला पुढची पिढी लागते. ती पिढी म्हणजे माझीच, आता सत्तरीत असलेली. भूदानाचं पुढे काय झालं, हा प्रश्न आमच्या वयाच्या लोकांना चुकवता येणार नाही.

आणखी एक सांगायचं म्हणजे बायकांचं. २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथे साधना, शेती, छपाई, सगळा कारभार बहिणी एकमतानं चालवणार, अशी कल्पना होती. विनोबांनी प्रायोपवेशन करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच देह ठेवला, तरी आश्रम बंद पडला नाही. मुलांच्या नावानं राज्य चालवणारी प्रभावतीगुप्ता आणि कुणाच्याही नावाशिवाय आश्रम चालवणाऱ्या या बहिणी. पवनारच्या इतिहासाचं हे तिसरं पान पाठ्यपुस्तकात यायला हवं.

मग आपण काय करायचं? आपल्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची म्हणतात. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीची माती भिंतीला चांगली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण जुनी टेकाडं खोदून घरं लिंपली. त्यात कुणाचा दोष नाही. घर हवंच. पण त्या मातीबरोबर खापरं, नाणी, विटा किती गेल्या याचा हिशेब नाही. आता घरं सिमेंटची झाली, तरी टेकाडं सपाट होतच आहेत.

जे दगडात राहत नाही ते कधी कधी नावात राहतं. हिंगणघाट तालुक्यातल्या जांब गावी प्रवरसेनाचा एक ताम्रपट सापडला. त्यात उमा नदी आहे, चिंचापल्ली गाव आहे. मिराशींनी दाखवलं की उमा म्हणजे आपली वणा आणि चिंचापल्ली म्हणजे चिचोली. राजे गेले, राजधानी गेली, पण चिंचेच्या झाडावरून पडलेलं नाव सोळाशे वर्षं म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडी टिकलं.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आहे. दिवाळीत गावी गेलात की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आपल्या वावरांची, नाल्यांची, टेकाडांची, मोडक्या पारांची नावं विचारा आणि जशी सांगतील तशी लिहून घ्या. शुद्ध करू नका. सातबाऱ्यावर आता नुसते गट नंबर उरले आहेत, त्यांच्यावरून पुढच्या कुणा मिराशींना काही सापडायचं नाही. आमच्या घरच्या मंडळींनी तर ही नावं मलाच पाठवावीत. मी एक वही घातली आहे, तिची बरीच पानं अजून कोरी आहेत.