मोटारमालक, मिस्त्री आणि अधिकृत विक्रेता : भारतातील मोटारदुरुस्तीच्या ज्ञानाचा व अधिकाराचा इतिहास (१९४४ ते २०२२)

प्रस्तावना

भारतातील मोटारउद्योगाचा इतिहास बहुधा कारखाने, परवाने आणि उद्योगपती यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. गाडी विकली गेल्यानंतर तिचे काय होते, ती बिघडली असता मालक कोणाकडे जातो आणि बिघाड नेमका कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या प्रश्नांना त्या लेखनात तुलनेने कमी स्थान मिळाले. वास्तविक सर्वसामान्य मोटारमालकाचा या उद्योगाशी जो संबंध येतो तो खरेदीच्या एका दिवसापुरता नसून पुढील दहा-पंधरा वर्षांच्या दुरुस्तीचा असतो. प्रस्तुत लेखात या दुरुस्तीच्या इतिहासाचा विचार केला असून, बिघाडाचे निदान करण्याचे ज्ञान मालक व मिस्त्री यांच्या हातून अधिकृत विक्रेत्याच्या कार्यशाळेत कसे गेले आणि त्यामुळे मालकाच्या तक्रारीचे स्वरूप कसे बदलले, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

टंचाईचा काळ आणि रांग सांभाळणारा विक्रेता

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. त्यापूर्वी १९४२ मध्ये बिर्ला समूहाची हिंदुस्तान मोटर्स स्थापन झाली होती. त्या काळी जनरल मोटर्स व फोर्ड या अमेरिकन कंपन्याही मुंबईत गाड्यांची जुळणी करीत असत. जनरल मोटर्सचा शिवडी येथील कारखाना १९२८ पासून चालू होता. परंतु १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच तयार करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे अशाच कंपन्यांना या व्यवसायात राहू देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. केवळ जुळणी करणाऱ्या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी काम आवरते घेतले. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. कंपनी गेली, गाडी राहिली, ही अवस्था भारतीय मोटारमालकाच्या वाट्याला तेव्हा आली आणि पुढेही अनेकदा आली.

यानंतर सुमारे तीन दशके मध्यमवर्गीय ग्राहकापुढे फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि मद्रासच्या कंपनीची स्टँडर्ड हेरल्ड एवढेच पर्याय होते. मागणी मोठी आणि उत्पादन अल्प असल्याने १९५९ मध्ये सरकारने मोटारींच्या वितरण व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. मागण्यांची क्रमवार नोंद ठेवून त्या क्रमानेच गाडी देणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले आणि नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत पुन्हा विकण्यावरही निर्बंध आले. १९६९ मध्ये किमतीही वैधानिक नियंत्रणाखाली आल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या व्यवस्थेत विक्रेत्याचे मुख्य काम ग्राहकाची रांग सांभाळणे हे होते. ग्राहक वर्षानुवर्षे थांबण्यास तयार असल्यामुळे त्याला विक्रीनंतर संतुष्ट ठेवण्याचे व्यावसायिक कारणच विक्रेत्यापाशी उरले नव्हते. गाड्यांच्या दर्जाविषयीची ओरड इतकी वाढली की १९६७ मध्ये त्याच्या चौकशीसाठी सरकारला स्वतंत्र समिती नेमावी लागली. कित्येक मालक नवीकोरी गाडी घेतली की प्रथम आपल्या विश्वासातील मिस्त्रीकडे नेऊन नटबोल्ट आवळून घेत. कारखान्यात अपुरे राहिलेले काम गॅरेजमध्ये पुरे होत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती ठरू नये.

मालकाचे आणि मिस्त्रीचे ज्ञान

त्या काळातील गाडीच्या यंत्ररचनेत लपलेले असे फारसे काही नव्हते. बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो आणि रेडिएटर डोळ्यांना दिसत व हाताला लागत. गाडी सुरू होत नसेल तर मालक एका ठरलेल्या क्रमाने जाई. बॅटरीची टर्मिनले घट्ट आहेत काय, प्लगपर्यंत ठिणगी येते काय, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचते काय, एवढ्या तीन प्रश्नांत बहुतेक बिघाड सापडत असे. प्लग काढून त्याचा रंग पाहिला जाई. तो काजळीने काळा असेल तर पेट्रोल अधिक जळते आहे, पांढुरका असेल तर इंजिन अधिक तापते आहे, असे अनुमान निघे. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट ठिणगीने जळून खडबडीत होत. ते पॉलिश पेपरने घासून त्यांतील फट पुन्हा बसविणे हे काम अनेक मालक स्वतः करीत.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी गरम होणे ही तर नित्याची बाब होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण होईपर्यंत खोपोली-खंडाळ्याच्या जुन्या घाटात बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्यांची रांग हे नेहमीचे दृश्य असे. इंजिनालगतचा पेट्रोल पंप तापून आतील पेट्रोलची वाफ होई आणि पुरवठा तुटे. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून तो थंड करण्याचा उपाय ड्रायव्हरपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना ठाऊक होता. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडू नये, हे शिक्षणही बहुतेकांना याच घाटात मिळाले.

याच्या पलीकडचे काम मिस्त्रीचे. इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट वाजते की बेअरिंग, हे तो सांगत असे. त्याचे शिक्षण पुस्तकातून झालेले नसे. दहाबारा वर्षांचा पोऱ्या पाने पुसण्यासाठी गॅरेजमध्ये येई आणि काही वर्षांनी उस्तादाचा हात धरून मिस्त्री होई. या परंपरेचे कौतुक करताना तिच्यात बालमजुरी होती, हेही नजरेआड करता येत नाही. सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर व कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार, पुण्यात नाना पेठ अशी ठिकाणे होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथ आणि ओतशाळा यांच्यामुळे तेथे न मिळणारा भाग घडवूनही घेता येई. ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे भेद मालकाला कळत आणि त्यानुसार तो भाव करी. मिस्त्री फसवीत नसे असे मुळीच नाही. चांगला भाग काढून जुना बसविल्याच्या तक्रारी तेव्हाही होत्या. मात्र मालक गॅरेजमध्ये स्टुलावर बसून काम पाहू शकत असे आणि जुना भाग हातात घेऊन घरी जाऊ शकत असे. फसवणुकीवर हा एक साधा पण परिणामकारक अंकुश होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मालकाचे हे ज्ञान निकृष्ट गाड्यांचे अपत्य होते. गाडी वारंवार बंद पडत होती म्हणून ती समजून घ्यावी लागत होती. त्या दिवसांविषयी हळहळणाऱ्यांना ही बाब सहसा आठवत नाही. ज्यांना रात्री कुटुंबासह निर्जन रस्त्यावर पॉइंट घासावे लागले त्यांना त्या ज्ञानाचा अभिमान वाटला असेल, हौस खचितच वाटली नसेल.

मारुती आणि अधिकृत कार्यशाळा

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या स्वाधीन करण्यात आली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने बनलेली ही ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाची गाडी हलकी, इंधनाची बचत करणारी आणि मुख्य म्हणजे न बिघडणारी होती. गाडीबरोबर माहितीपुस्तिका, मोफत सर्व्हिसिंगची कुपने आणि वॉरंटी आली. ठरावीक किलोमीटरनंतर बिघाड नसतानाही गाडी कार्यशाळेत न्यायची, ही कल्पना अनेक मालकांना नवीन होती. कंपनीने अधिकृत सेवाकेंद्रांचे जाळे देशभर विणले आणि मिस्त्रीच्या अंदाजाच्या जागी छापील दरपत्रक व जॉबकार्ड आले.

हा बदल ग्राहकाच्या हिताचा होता यात शंका नाही. तथापि त्याबरोबर मालकाची जागा बदलली. गॅरेजमधील स्टूल गेले आणि काचेपलीकडील प्रतीक्षागृह आले. मालक आता मिस्त्रीशी बोलत नाही, तो सर्व्हिस ॲडव्हायझरशी बोलतो. ॲडव्हायझर तक्रार लिहून घेतो आणि आतील माणूस ती वाचतो. ‘चढणीवर पिकअप मिळत नाही’ हे मालकाचे वाक्य जॉबकार्डावर ‘इंजिन तपासणे’ एवढेच उरते. पूर्वी मिस्त्री मालकाला शेजारी बसवून गाडी चढणीवर नेत असे, त्या संवादाला येथे जागा उरली नाही.

दुसरा बदल यंत्राच्या पोटात झाला आणि त्याला कारण ठरले प्रदूषणविषयक कायदे. १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या गाड्यांसाठी युरोपीय मानके लागू करण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर काही वर्षांतच कार्ब्युरेटर जाऊन संगणकनियंत्रित इंधनपुरवठा सार्वत्रिक झाला. जेट साफ करणे, स्क्रू फिरवून ट्यूनिंग करणे ही कामे संपली. भारत स्टेज ४ मानकांबरोबर गाडीतच बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, पण तो का लागला हे वाचण्याचे यंत्र अधिकृत कार्यशाळेत असते. हवा स्वच्छ राखण्यासाठी केलेल्या कायद्यांनी नकळत गल्लीतील मिस्त्रीच्या हातातून निदान काढून घेतले. हा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनात नव्हता, आणि म्हणूनच त्यावर काही उपाययोजनाही नव्हती.

तक्रारीचे नवे स्वरूप

मालकाची तक्रार आता ‘गाडी बंद पडली’ अशी राहिली नाही. ‘गाडी तीनदा दाखवली, तीनदा बिल झाले, आवाज तसाच आहे’ अशी ती झाली. या तक्रारीसाठी गॅरेज उपयोगाचे नव्हते, न्यायासन हवे होते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. सदोष वस्तू दुरुस्त करून मागण्याचा, बदलून मागण्याचा वा पैसे परत मागण्याचा हक्क या कायद्याने दिला.

प्रत्यक्षात अडचण पुराव्याची आली. दोष उत्पादनातील आहे हे ग्राहकाने तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावे, अशी अपेक्षा न्यायमंच ठेवीत आले. आता त्या गाडीचे ज्ञान असणारा तज्ज्ञ बहुधा त्याच कंपनीच्या कार्यशाळेत काम करणारा असतो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका गाडीतील क्लचच्या दोषासंबंधीच्या प्रकरणात, वॉरंटीच्या अटींप्रमाणे सदोष भाग बदलून देणे हेच कंपनीचे दायित्व आहे असे म्हणून संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. विक्रेता आणि उत्पादक यांच्यातील अंतरही ग्राहकाला महाग पडते. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून २००९ ची गाडी विकल्याच्या तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही. विक्रेता हा कंपनीचा हस्तक नसून तिच्याशी स्वतंत्र व्यवहार करणारा पक्ष आहे, आणि विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखविले गेले नाही, हे त्यामागील कारण. कायद्याच्या दृष्टीने हा तर्क बिनचूक असेल. पण दारावर कंपनीचे नाव वाचून आत शिरणाऱ्या ग्राहकाला हा भेद दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मक्तेदारीच्या प्रश्नाला वाचा फुटली ती वेगळ्या कायद्याखाली. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार आली आणि चौकशीची व्याप्ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानयंत्रे स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हा स्पर्धेचा भंग आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही आयोगाने आक्षेप घेतला. कंपन्यांनी आदेशाला वेगवेगळ्या न्यायासनांपुढे आव्हान दिले आणि दंडाचे प्रकरण लांबले. तरीही बिघाडाचे निदान करण्याचे साधन ही स्पर्धेच्या कायद्याखाली येणारी बाब आहे, ही गोष्ट या आदेशाने नोंदविली गेली.

या साऱ्याची निकड कंपनीच देश सोडते तेव्हा कळते. १९९४ मध्ये कल्याण परिसरात प्रीमियर व प्यूजो यांच्या भागीदारीत सुरू झालेले उत्पादन ते दशक संपण्यापूर्वीच बंद पडले. शिवडीतून १९५४ च्या सुमारास गेलेली जनरल मोटर्स पुन्हा परतली, तळेगाव येथे तिने कारखाना काढला आणि २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबविली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. या वेळी दोन्ही कंपन्यांनी सेवा व सुटे भाग चालू ठेवण्याचे आश्वासन दिले, परंतु विक्रीच नसताना विक्रेता किती दिवस कार्यशाळा चालवील हा प्रश्न मालकाच्या मनात राहणारच. १९५४ च्या मालकाजवळ निदान उघडून पाहता येईल असे इंजिन होते.

ग्राहक संरक्षण कायद्याची २०१९ मधील सुधारित आवृत्ती २०२० मध्ये लागू झाली आणि तिने सदोष उत्पादनासाठी उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा या तिघांच्याही दायित्वाची तरतूद केली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे व मोबाइल यांच्या जोडीला मोटारींचाही समावेश आहे. दरम्यान, मोबाइलला जोडून बिघाडाचे संकेतांक वाचणारी छोटी उपकरणे बाजारात आली असून काही मालक कार्यशाळेत जाण्यापूर्वी ती लावून पाहतात. ‘पी ०३०१’ असा संकेतांक आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, एवढे कळते. पद्मिनीचा मालक याच बिघाडाला ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणत असे. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे मात्र तो आकडा सांगत नाही. त्यासाठी प्लग काढून पाहावाच लागतो.