तांदळाच्या पिशवीवर कोणाचे नाव?



मुळशीचा आंबेमोहोर पुण्या-मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. तो पिकवणाऱ्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते. कारण अगदी साधे आहे. गिरणीतून भात भरडून आले की तांदूळ गोणीत भरून व्यापाऱ्याकडे जातो, आणि गोणीवर पत्र्याच्या साच्यातून मारलेला मार्का असतो तो व्यापाऱ्याचा. गिऱ्हाईक ओळखते ते मार्क्याला. आंबेमोहोर म्हणून विकला जाणारा सगळाच तांदूळ काही मुळशीचा नसतो, हे आपण सारेच जाणतो. या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे, पण मानांकन राहते कागदावर आणि गिऱ्हाइकाच्या हाती येते पिशवी.

म्हणून हल्ली आमच्या भरे गावात आणि आसपास, तांदूळ स्वतःच्या नावाच्या पिशवीत घालून विकावा असा विचार चालतो. बचत गटाच्या महिला मजकूर शुद्ध लिहून घ्यायला निवृत्त मास्तरांकडे येतात, तेव्हा मलाही त्यात लक्ष घालावे लागते. शुद्धलेखन सोपे हो! खरी अडचण पुढे येते. छापणारा विचारतो, "स्क्रीन करायचे, फ्लेक्सो, ग्रॅव्ह्युअर, की डिजिटल?" आणि सगळे एकमेकींच्या तोंडाकडे बघतात.

मी इतिहास शिकवला, छपाई नाही. पण जुने चाळताना लक्षात आले की हा पेच दोनशे वर्षे जुना आहे, आणि त्यात प्रश्न फिरून फिरून तीनच आहेत. नग किती? शाई कसली? आणि गिऱ्हाईक माल ओळखते कशावरून?

पहिल्या प्रश्नाची सुरुवात बव्हेरियातल्या आलॉइस सेनेफेल्डरपासून करू. हा गृहस्थ नाटके लिही, पण ती छापून घ्यायला पैसे नव्हते. १७९६ च्या सुमारास तो चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर प्रयोग करू लागला आणि त्यातून शिळाछाप जन्माला आली. तत्त्व घरातलेच आहे, तेल आणि पाणी एकत्र नांदत नाही. दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त अक्षरांना धरते. वर कागद दाबला की झाली प्रत.

आपल्याकडे ही युक्ती फार सोयीची ठरली. देवनागरीची जोडाक्षरे, काना-मात्रा या सगळ्यांचे खिळे ओतायचे म्हणजे केवढा खर्च! दगडावर मात्र सुंदर हस्ताक्षराचा लेखक बसवला की काम भागे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले, ते याच बळावर. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. शाईत चरबी असते, मग असे पंचांग देवघरात कसे न्यायचे? तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गिऱ्हाईक अक्षर बघते, तसे ते कशाने उमटवले आहे हेही बघते.

पुढे पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळकृष्णपंत जोशी यांनी चित्रशाळा काढली आणि शिळाछापावरची चित्रे घरोघरी गेली. मग आले राजा रविवर्मा. त्यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला. यंत्रे जर्मन, कारागीरही जर्मन. मुंबईत प्लेगचा कहर झाला, आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला आला. मळवली म्हणजे कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याचे गाव. मुळशीच्या उत्तरेचे डोंगर ओलांडले की मावळ लागते, त्यातलेच. आपल्या शेजारी एवढे घडून गेले, आणि मुलांना त्याचा पत्ता नसतो!

रंगीत शिळाछापाचा हिशेब मात्र जीवघेणा होता. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका लक्ष्मीच्या चित्राला दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त दगड लागत, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच जागी अचूक बसावा लागे. केसभर सरकला तर देवीचे ओठ गालावर! एवढी तयारी पहिल्या प्रतीआधीच करावी लागे, मग प्रती शंभर निघोत की लाख. छापखाना कर्जात गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. श्लायशरने देवादिकांची चित्रे चालू ठेवलीच, शिवाय मालाची लेबले, जाहिराती, कॅलेंडरे अशी व्यापारी कामे घेतली. ज्या दगडांवर शकुंतला उमटली, त्याच तंत्राने साबणाचे नाव उमटू लागले. हा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला.

यातले गणित मी मास्तरांच्या पद्धतीने मांडतो. समजा, छपाईच्या आधीच्या तयारीला २,००० रुपये पडतात. १०० पिशव्या काढल्या तर प्रत्येक पिशवीवर तयारीचेच २० रुपये बसतात. १०,००० काढल्या तर फक्त २० पैसे. दगड असो, जस्ताचा पत्रा असो, रबराचा ठसा असो की तांब्याचा मुलामा दिलेला सिलिंडर, हे गणित बदललेले नाही. म्हणूनच मोठ्या कारखानदाराचे नाव चकचकीत छापून येते, आणि दोन एकर भातवाल्याचे येतच नाही.

आता तिसरा प्रश्न, ओळखीचा. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चित्रांची तिकिटे चिकटवलेली असत. कोणावर देव, कोणावर हत्ती, कोणावर वाघ. अक्षर न वाचता येणारी बाईसुद्धा "मला तो हत्तीवाला कपडा द्या" असे सांगू शके. चित्र हीच सही! मग नकला होणारच. १८८९ साली मालाच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला, आणि व्यापारचिन्हांचा स्वतंत्र कायदा यायला १९४० साल उजाडले. विलेपार्ल्याच्या पार्लेचे उदाहरण तर सर्वांच्या घरातले. त्यांचे 'ग्लुको' हे नाव इतरांच्या ग्लुकोज बिस्किटांत हरवू लागले, तेव्हा १९८० च्या दशकात ते 'पार्ले-जी' झाले. बिस्किट तेच, पिवळे-पांढरे पट्टे आणि ते गोंडस बाळही तेच ठेवले. सामान्य नाव कोणीही घेऊ शकतो, चेहरा घेता येत नाही. 'आंबेमोहोर' या शब्दाबाबत आपण हे ध्यानात ठेवायला हवे.

शाईचा प्रश्नही विलायतेत पुन्हा उगवला. रबरी ठशांनी पातळ, झटपट वाळणाऱ्या शाईत छापण्याच्या पद्धतीला आधी 'ॲनिलाइन' छपाई म्हणत. खाण्याच्या वेष्टनांना हे रंग योग्य नाहीत असे अमेरिकेत १९४० च्या दशकात ठरले. शाई सुधारली तरी नावाची भीती जाईना. शेवटी १९५२ मध्ये नावच बदलून 'फ्लेक्सो' केले. गणपत कृष्णाजींचे तूप आणि हे नवे नाव, दोन्हींमागे गिऱ्हाइकाच्या मनातली तीच शंका.

असो. आता आजच्या पिशवीकडे येऊ. ग्रॅव्ह्युअरमध्ये प्रत्येक रंगाचा सिलिंडर कोरावा लागतो. छपाई अप्रतिम होते, आणि शाई प्लॅस्टिकच्या दोन थरांच्या मध्ये बंद ठेवता येते, त्यामुळे ती मालाला लागत नाही. पण सिलिंडरचा खर्च निघायला नग फार मोठे लागतात. फ्लेक्सोचा ठसा त्यापेक्षा स्वस्त, कागदी आणि विणलेल्या पिशव्यांना चालतो, तरी त्यालाही बऱ्यापैकी नग हवेत. ऑफसेट ही सेनेफेल्डरच्या शिळाछापाचीच नात म्हणायची. पुठ्ठ्याचा खोका किंवा चिकटवायचे लेबल करायचे तर ती उत्तम. डिजिटलला ठसाच नाही, पन्नास नगही निघतात, मात्र शंभरावा नग पहिल्याइतकाच महाग. आणि स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबणे, गोणीवरच्या त्या पत्र्याच्या साच्याची शहाणी बहीण. एक-दोन रंग आणि काही शे पिशव्या एवढ्यांसाठी तीच परवडते.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी कापडी किंवा जाड कागदी पिशवी घ्यावी. आत खाद्यपदार्थांना चालणारी वेगळी पिशवी असावी, म्हणजे शाईचा तांदळाशी संबंध येत नाही. बाहेर एकाच रंगात स्क्रीनने गावाचे आणि गटाचे नाव छापावे. वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि खाद्य परवान्याचा क्रमांक या गोष्टी नियमाने लागतातच. पण महिना आणि किंमत दरवेळी बदलते, म्हणून ती पिशवीवर कायमची छापू नये. त्यांचे वेगळे लेबल करावे. नाहीतर दिवाळीनंतर उरलेल्या पिशव्या रद्दीत!

दुकानदार म्हणतील, रंगीत चकचकीत पिशवीशिवाय माल उठत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. शहरातल्या फळीवर साधी पिशवी मागे पडते. पण आधी रंग आणि मग विक्री या क्रमाने कर्ज होते, हे मळवलीने आपल्याला दाखवले आहे. नाव आधी रुजू द्यावे. विक्री वाढली की ठसा करावा, आणखी वाढली की सिलिंडर. नाव आणि चित्र मात्र पहिल्या दिवसापासून एकच ठेवावे, आणि ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावे.

जाता जाता एक विनंती. नातेवाईक मंडळींनी आणि ब्लॉगर मित्रांनी आपापल्या माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात. कापडाची तिकिटे, काडेपेटीची चित्रे, जुनी कॅलेंडरे निघाली तर फेकू नका. फोटो काढून मला पाठवा, कोणाच्या घरातली आणि कोणत्या गावची तेही लिहा. छापणाऱ्यांची नावे बहुधा अगदी खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असतात. भिंग घेऊन तेवढी वाचा.