मूळ प्रत आणि दुरुस्ती : एका जुन्या ट्रकच्या निमित्ताने

पाठचिकित्सा शिकवताना वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : 'मूळ' प्रत म्हणजे नेमकी कोणती? कर्त्याच्या हातची प्रत बहुधा उपलब्ध नसते. जी मिळते ती नकलेची नक्कल असते, आणि प्रत्येक नक्कलकाराने कळत-नकळत तीत काही घातलेले वा गाळलेले असते. या प्रश्नाचे ठरावीक उत्तर मी अनेक वर्षे देत आलो. २०२२ साली मात्र तोच प्रश्न कराडजवळच्या आमच्या जुन्या घराच्या परड्यात, चिंचेखाली उभ्या असलेल्या एका गंजक्या ट्रकच्या संदर्भात समोर आला, आणि ठरावीक उत्तर पुरेसे पडेना.

हा ट्रक माझ्या आजोबांचा. आजोबा गॅरेजवाले मेस्त्री होते. (मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र' वरून, म्हणजे उस्ताद या अर्थाने, आपल्याकडे आला आणि सुतार, गवंडी, लोहार असा फिरत फिरत शेवटी मोटारीच्या बॉनेटखाली जाऊन स्थिरावला.) दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. त्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली आणि हे सैन्य प्रथमच मोठ्या प्रमाणावर मोटारींवर चालू लागले. वाहने दुरुस्त करणारी माणसे लागली, म्हणून १९४३ साली विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभारले गेले. सातारा जिल्ह्यातली शेतकऱ्यांची मुले बंदुकीबरोबर पाना धरायलाही शिकली ती अशी. युद्ध संपल्यावर लष्कराची जादा वाहने विक्रीला निघाली. आजोबांनी भावाबरोबर भागीत घेतलेला तीन टनी शेव्हर्ले त्यांतलाच एक होता.

हे ट्रक कॅनडात बनलेले. तिथल्या फोर्ड आणि शेव्हर्लेच्या कारखान्यांनी एकाच लष्करी नमुन्यावर असे चार लाखांहून अधिक ट्रक युद्धकाळात तयार केले. आखूड, बसके नाक ही त्यांची खूण. आत सहा सिलिंडरचे, २१६ घनइंचांचे, सुमारे ८५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. या इंजिनाचा एक विशेष असा की, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सुटे मिळत नसे. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू रॉडमध्येच ओतलेला असे. तो झिजला की जुना वितळवून काढायचा, नवा ओतायचा, क्रँकवर निळ्या रंगाचा हलका हात द्यायचा, रॉड बसवून फिरवायचा आणि जिथे निळा डाग उमटेल तेवढेच खरवडायचे. डाग सगळीकडे सारखा पसरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. नवा भाग न आणता इंजिन पुन्हा उभे करता येत होते, पण त्यासाठी हाताला फार बारीक जाण लागे.

ही जाण पुढे अपरिहार्य ठरली, त्याला कारण सरकारी धोरणाचे होते. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत सुटे भाग आणून मोटारी जोडायला सुरुवात केली होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की, ज्यांच्याकडे देशातच निर्मिती करण्याचा कार्यक्रम नाही अशा केवळ जोडणी करणाऱ्या कारखान्यांनी काम आवरते घ्यावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही गाशा गुंडाळला. स्वदेशी उद्योगासाठी हे धोरण आवश्यक होते, यात शंका नाही. वालचंद हिराचंद यांची १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक तयार करीत होतीच. १९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. पण रस्त्यावर आधीच धावत असलेल्या शेव्हर्ले आणि फोर्डचे काय? त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होत गेले आणि त्यांचे पुढले आयुष्य गावोगावच्या मेस्त्र्यांच्या हाती आले.

आमच्या ट्रकचे तेच झाले. १९५६ साली कोयना धरणाचे काम सुरू झाले आणि कराड–पाटण रस्त्यावर मालवाहतुकीला बरकत आली. ट्रक बंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. पेट्रोलचा खर्चही झेपेना. तेव्हा आजोबांनी १९५९ साली शेव्हर्लेचे इंजिन उतरवले आणि त्या जागी डिझेलवर चालणारे पर्किन्स पी-६ बसवले. ताकद जवळजवळ तेवढीच, पण खर्च कितीतरी कमी. हे इंजिन मद्रासला सिम्पसन कंपनीत तयार होत असल्याने त्याचे भाग मिळत. चेसीला नवे ब्रॅकेट जोडले, पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडा काढून ठेवला. मूळ केबिनचा पत्रा सडला होता, म्हणून कराडच्या सुताराकडून सागवानी केबिन करून घेतली. मागच्या पाट्यांत दोन जादा पाने घातली. एका परदेशी लष्करी वाहनाचे हे, म्हणायचे तर, मराठी रूपांतर होते.

या सगळ्यात आजीचा वाटा होता, हे मला फार उशिरा कळले. आजी चौथीपर्यंत शिकलेली. आजोबांना वाचता येई, पण लिहिण्याचा कंटाळा. त्यामुळे गॅरेजची वही आजीच्या हातची. कोणत्या गाडीचे काय काम झाले, कोणता भाग कुठून आला, पैसे किती आले आणि किती उधार राहिले, हे सारे ती लिहीत असे. शब्द तिच्या कानाला जसे पडले तसे : 'हेड ग्यासकीट', 'नोजेल', 'पिष्टन रिंगा', 'किन्नरास चहा'. क्लीनरचा किन्नर होणे हे आपण विनोद म्हणून सांगतो. आजीच्या वहीत तो साधा हिशेबाचा शब्द आहे.

तिचे काम वहीपुरतेही नव्हते. मला आठवते ते १९८०च्या दशकाच्या अखेरचे. तोवर आमचा ट्रक थांबून दहा-बारा वर्षे झाली होती आणि गॅरेजात लोकांचे टाटाचे ट्रक येत. इंजिनाचे हेड उघडले की व्हॉल्व्ह आजीकडे येत. ती ते रॉकेलमध्ये धूत असे आणि एका जुन्या जेवणाच्या पाटाला पाडलेल्या बारा भोकांत ओळीने उभे करून ठेवत असे. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांवर घासूनच घट्ट बसतात. एका बैठकीचा व्हॉल्व्ह दुसरीवर बसवला तर तिथून दाब निसटतो. म्हणून क्रम चुकता कामा नये. मी एकदा खेळता खेळता त्यांतले दोन उचलले, तर ती एवढेच म्हणाली, "ठेव बाळा जागेवर. ज्येची जागा त्येलाच." पुढे ते व्हॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घासायचे असत. काठीच्या टोकाला रबरी वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि काठी दोन तळव्यांत धरून उलटसुलट फिरवायची. ताकाची रवी फिरवावी तसे. ज्या हातांनी ती सकाळी ताक घुसळी, त्याच हातांनी दुपारी व्हॉल्व्ह घासत असे, आणि तिच्या लेखी या दोहोंत काही फरक होता असे मला वाटत नाही.

आजोबा कानाने काम करीत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरत आणि कोणत्या सिलिंडरात खट् वाजते ते सांगत. धुराचे रंग त्यांनी मला शिकवले होते : निळा असेल तर ऑईल जळते आहे, रिंगा गेल्या; काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी; पांढरा असेल तर डिझेल न जळताच जाते आहे किंवा आत पाणी शिरते आहे. डिझेल संपून पाइपात हवा शिरली की पंपाचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप मारून ती काढायची. हे मला दहाव्या वर्षी येत होते. आज मला त्यातले फक्त वर्णन करता येते.

दर खंडेनवमीला गॅरेजमधल्या पान्यांची, जॅकची आणि परड्यातल्या ट्रकची पूजा होई. नारळ फुटला की आजोबा ट्रक चालू करीत. गाडी कुठे जायची नसे. पाच-दहा मिनिटे इंजिन धडधडे आणि मग बंद होई. १९९० साली ते शेवटचे चालू झाले. पुढल्या वर्षी आजोबा गेले. आजी २००४ पर्यंत होती. ट्रक तसाच राहिला.

२०२२ साली तो पाहायला पुण्याहून एक तरुण गृहस्थ आले. त्यांना जुन्या लष्करी वाहनांचा नाद होता, आणि नाद म्हणजे वरवरची हौस नव्हती. चेसीवरचा क्रमांक त्यांनी तारेच्या ब्रशने घासून वाचला. मूळ केबिनची समोरची काच खाली आत झुकलेली असे, वरून जाणाऱ्या विमानाला ती चमकू नये म्हणून, ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली. ट्रक विकत घेऊन पूर्ववत करण्याची त्यांची इच्छा होती. सागवानी केबिन काढायची, पर्किन्स उतरवून त्या काळचे शेव्हर्ले इंजिन शोधून बसवायचे, जादा पाने काढायची, लष्करी हिरवा रंग द्यायचा. "मधली सगळी जोडाजोड काढली की ओरिजिनल गाडी मिळेल, सर," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात अनादर मुळीच नव्हता. पण ते ज्याला जोडाजोड म्हणत होते, ते माझ्या आजी-आजोबांचे आयुष्य होते.

कायद्याची भाषाही त्यांच्याच बाजूची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची व्याख्या आली. वाहन ५० वर्षांहून जुने हवे, मूळ रूपात जपलेले हवे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. शिवाय ही व्याख्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. माल वाहणाऱ्या ट्रकला तीत जागाच नाही. संस्थानिकांची मोटार वर्षातून चार वेळा बाहेर निघे, ती मूळ रूपात राहू शकते. ज्या ट्रकने ऊस, सिमेंट आणि धान्य वाहून कुटुंबे पोसली, तो मूळ रूपात राहिला असता तर चाललाच नसता. कामाच्या वस्तूचा इतिहास दुरुस्तीच्या रूपानेच शिल्लक राहतो. दुरुस्ती काढून टाकली की एक सुंदर वस्तू उरते आणि इतिहास जातो.

असे असले तरी, ट्रकला हात लावू नये, हे उत्तरही मला प्रामाणिक वाटेना. परड्यात ठेवून मी काय जपत होतो? गंज. ट्रक आणखी दहा पावसाळ्यांनी मातीत गेला असता आणि मी त्याला स्मृती म्हटले असते. इथे मला वर्गातला प्रश्न आठवला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये असे बजावले. त्यांनी काय गाळले ते आपल्याला त्यांच्या प्रतीतून कळत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ साली पूर्णत्वास गेले. त्या संपादकांनीही हजारो श्लोक संहितेबाहेर काढले. पण फेकले नाहीत. पाठभेद पानाच्या तळाशी गेले, मोठे भाग परिशिष्टांत गेले. वाचकाला वर सिद्ध संहिता दिसते आणि खाली तिच्याभोवती शतकानुशतके जमलेले हात दिसतात.

मी त्या गृहस्थांना ट्रक दिला, दोन अटींवर. काढलेला प्रत्येक भाग, कुठून काढला ती चिठ्ठी बांधून, आमच्या घरी परत यावा. आणि ट्रकसोबत कुठेही माहिती लावली जाईल तिथे १९५९ सालच्या बदलाची नोंद असावी. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "पण कोणता भाग कधी बसवला, हे तुम्हाला तरी कसं कळणार?" मी आत जाऊन आजीची वही आणली. ते तिथेच, पायरीवर बसून, तासभर ती वाचत होते. मग त्यांनी तिची पाने मोबाइलवर टिपून घेतली. जाताना म्हणाले, इतकी व्यवस्थित नोंद त्यांनी अजून कुठे पाहिलेली नाही.

पर्किन्स इंजिन आता आमच्या पडवीत लाकडी ठोकळ्यांवर आहे. केबिनच्या फळ्या माळ्यावर आहेत. वही माझ्या टेबलावर आहे आणि ती मी नीट लिहून काढतो आहे, आजीच्या शुद्धलेखनासकट. 'ग्यासकीट' चे 'गॅस्केट' करण्याचा मोह संपादकाला होतोच. पण तो शब्द मी जिथे होता तिथेच ठेवला आहे.