डोळ्याच्या मापानें काटकसर

मुंबईच्या दूरदर्शन केंद्रानें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं प्रक्षेपण आरंभिलें, तें कृष्णधवल होतें. १९८२ सालीं देशांत रंगीत प्रक्षेपण आलें, परंतु लहरींचा मार्ग पूर्वींइतकाच अरुंद राहिला. मनुष्याचा डोळा उजेडांतील बारकावा टिपतो तितका रंगांतील टिपीत नाहीं, हें जाणून ‘पाल’ पद्धतीनें उजेडाला मोठा व रंगाला थोडका वाटा दिला. त्यामुळें घरोघरचे जुने कृष्णधवल संचही निरुपयोगी झाले नाहींत. संगणकाच्या पडद्याकडे जाणारी वाट अरुंद असली कीं हाच न्याय लागतो: दर चित्रबिंदूस २४ ऐवजीं १६ बिट दिल्यास भार एकतृतीयांशानें घटतो. त्यांतही तांबड्यास ५, निळ्यास ५, पण हिरव्यास ६. कारण हिरव्या छटांतील भेद डोळ्यास अधिक जाणवतो.