बळाचें माप

इचलकरंजी हें मागांचें गांव. १९०४ सालीं येथें पहिला यंत्रमाग आला आणि घोरपड्यांच्या या जहागिरीचें रूप हळूहळू पालटलें. ज्या गल्ल्यांतून आज मागांचा खडखडाट ऐकूं येतो, त्याच गल्ल्यांतून लोखंडी वजनांच्या व्यायामशाळाहि चालतात. आणि तेथें जाणारा तरुण दोनचार महिन्यांत एक प्रश्न हटकून विचारूं लागतो: किती वजन उचललें म्हणजे माणसाला बलवान म्हणावें? प्रश्न साधा दिसतो, आणि उत्तर एका आंकड्यांत मिळेल अशी विचारणाराची अपेक्षा असते. पण याच मुलखाचा गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर बळाचें माप तीन वेळां तरी बदललें आहे असें दिसून येईल. तें कसें बदललें, आणि प्रत्येक बदलांत हातीं काय लागलें व हातचें काय सुटलें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

करवीर संस्थानांतील तालमींत बळाचें पहिलें माप संख्येचें होतें. अमक्यानें किती जोर काढले, किती बैठका मारल्या, यावर त्याची किंमत ठरे. मुद्गर, करेल, मूठ धरण्यास जागा कोरलेला दगडी नाल हीं जड साधनेंहि तालमींत असत. परंतु नाल नेमका किती शेरांचा, यापेक्षां तो कोणी उचलला होता याची आठवण अधिक महत्त्वाची मानली जाई. संख्येहून मोठें माप मात्र निराळेंच होतें, आणि तें म्हणजे समोरचा मल्ल. ज्यानें प्रतिपक्ष्याची पाठ मातीला लावली तो बलवान. मग त्यानें एकांतांत किती जोर काढले हें कोणी विचारीत नसे.

या मापाला राजाश्रय मिळाला तो शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत. १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासांत महाराजांनीं रोमचा प्राचीन आखाडा पाहिला. पुढें कोल्हापुरांत खासबागेचें विस्तीर्ण मैदान उभें राहिलें. १९१२ सालीं तें पुरें झालें. हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत ठरणारा निकाल हा या मापाचा मोठा गुण होय. तेथें खोटें चालत नाहीं. शिवाय अंगचें बळ, दम, डाव आणि धीर हीं चारी एकाच क्षणीं कसास लागतात. पण दोषहि उघड आहे. तोलामोलाची जोड आपण म्हणतों खरे, पण तो तोल वस्तादाच्या नजरेंत असे, तराजूंत नव्हे. अशा मैदानांत नांव व्हावयाचें तें बहुधा थोराड देहाचें. लहान चणीचा मल्ल कितीहि चपळ असला, तरी मोठ्या इनामाच्या कुस्तीपासून तो दूरच राहावयाचा.

याची साक्ष कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या चरित्रांत मिळते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकलेला हा ठेंगणा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत सहावा आला आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलो वजनाच्या गटांत त्यानें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गुणाचें चीज झालें याचें एक कारण असें कीं, तेथें माणूस आधीं तराजूवर उभा केला जात होता. सारख्या वजनाशीं सारखें वजन भिडविण्याचा नियम नसता, तर जगानें खाशाबांकडे पाहिलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे.

दुसरें माप तमाशाचें. विसाव्या शतकाच्या आरंभीं आंध्रांतील कोडी राममूर्ति नायडू यांनीं आपल्या सर्कशींतून देशभर खेळ केले. जाड साखळी तोडणें, चालती मोटार रोखून धरणें, छातीवरून हत्ती चालविणें हे त्यांचे प्रयोग पाहून पारतंत्र्यांतल्या जनतेला स्वतःच्या देहाविषयीं विश्वास वाटूं लागला, ही त्यांची कामगिरी लहान नव्हे. पण माप म्हणून पाहिलें तर हे प्रयोग अपुरे पडतात. फळीवरून जाणाऱ्या हत्तीचा किती भार छातीवर येतो आणि किती जमिनीवर उतरतो, हें प्रेक्षकाला कळण्याचा मार्ग नाहीं. टाळ्या मिळतात, आंकडा मिळत नाहीं.

उलट आंकडा मिळावा आणि तरीहि माप हातीं लागूं नये, असेंहि घडतें. बडोद्याच्या संग्रहालयांत एक मोठी शिळा ठेविली आहे. सुमारें १२०० किलोंची ही शिळा गामा पहिलवानानें २३ डिसेंबर १९०२ रोजीं उचलली, अशी नोंद तिच्याशीं जोडलेली आहे. गामाच्या सामर्थ्याविषयीं वाद नाहीं. १९१० सालीं लंडनला झ्बिस्को या धिप्पाड मल्लाला त्यानें जवळजवळ सारा वेळ खालीं दाबून ठेविलें होतें. पण २०१६ सालीं एडी हॉल या इंग्रजानें जमिनीवरून ५०० किलोंची कांब कमरेपर्यंत उचलली, तेव्हां सारें जग चकित झालें. मग १२०० किलो ‘उचलणें’ याचा अर्थ काय समजावयाचा? शिळा जमिनीपासून पूर्णपणें सुटली कीं तिची एक कड वर आली? किती उंच, किती वेळ, कोणासमक्ष? ‘उचलणें’ या एका शब्दाची व्याख्या नसेल, तर हजाराचा आंकडाहि मुका राहतो. त्याच बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळांत द. चिं. मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठींत सिद्ध केले. वस्तादाच्या तोंडीं असलेली विद्या कागदावर आणून नेमकी करण्याचा तो थोर उद्योग होता.

तिसरें माप लोखंडी कांबेचें. तेंहि जन्मतःच नेमकें होतें असें कोणीं समजूं नये. १८९६ सालीं अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकांत डेन्मार्कचा येन्सेन आणि इंग्लंडचा इलियट या दोघांनींहि दोन हातांनीं १११.५ किलो उचलले. आतां मोठा कोण? पंचांनीं येन्सेनची उचल अधिक सुबक ठरवून त्याला पहिला नंबर दिला. एका हाताच्या उचलींत मात्र इलियट ७१ किलो उचलून पहिला आला. देहाच्या वजनाचे गट तेव्हां नव्हते. ते १९२० सालीं अँटवर्प येथें आले. १९२८ पासून एका हाताच्या उचली गेल्या आणि प्रेस, स्नॅच व क्लीन अँड जर्क या दोन हातांच्या तीन राहिल्या. पुढें प्रेसमध्यें स्पर्धक पाठ इतकी मागें वांकवूं लागले कीं, उचल नियमांत बसली कीं नाहीं हें पंचांना ठरविणें कठीण झालें. म्हणून १९७२ च्या म्यूनिकनंतर ती बंद झाली. यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. प्रेस सोडली ती तिला बळ लागत नव्हतें म्हणून नव्हे, तर तिचा न्याय करतां येईना म्हणून. स्त्रियांच्या बळाला तर या तराजूंत फार उशिरां जागा मिळाली. २००० सालीं सिडनी येथें ती मिळतांच कर्णम मल्लेश्वरी हिनें २४० किलोंच्या बेरजेनें कांस्यपदक आणलें.

या तिसऱ्या मापाचें पीक आमच्याच नदीकांठीं चांगलें आलें आहे. इचलकरंजीवरून वाहणारी पंचगंगा जेथें कृष्णेला मिळते, त्या संगमालगतच्या कुरुंदवाडचे गणेश माळी आणि चंद्रकांत माळी या दोघांनीं २०१४ सालीं ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत कांस्यपदकें मिळविलीं. २०२२ सालीं बर्मिंगहॅमला सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटांत उतरला. स्नॅचमध्यें त्यानें ११३ किलो उचलले; मलेशियाच्या प्रतिस्पर्ध्याचे १०७ झाले. क्लीन अँड जर्कमध्यें संकेतनें १३५ उचलले, पण पुढच्या दोन्ही प्रयत्नांत त्याला यश आलें नाहीं आणि कोपर दुखावलें. मलेशियन गड्यानें १४२ उचलले. बेरीज २४८ विरुद्ध २४९. एका किलोनें सुवर्ण गेलें. संकेत दुबळा ठरला काय? मुळींच नाहीं. एका उचलींत तो सहा किलोंनीं सरस होता, दुसरींत सात किलोंनीं उणा. नियमानें दोन उचलींची बेरीज मागितली आणि त्या बेरजेनें निकाल दिला. तो निकाल योग्यच होता; पण तो त्या दिवसाचा आणि त्या नियमाचा निकाल होता, माणसाचें अखेरचें मोल नव्हे.

येथें एका बळाची आठवण करणें अवश्य आहे, ज्याला कोणीच तराजू लावला नाहीं. इचलकरंजीच्या पेठेंत सुताचीं बाचकीं आणि कापडाच्या गाठी पाठीवरून वाहणारा हमाल जें करतो, त्याची नोंद कोणत्याहि पदकतक्त्यांत नसते. त्याच्यासाठीं जगानें माप ठरविलें तें उलट्या बाजूनें. १९६७ सालीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें शिफारस केली कीं, प्रौढ पुरुषाच्या अंगावर एका वेळीं ५५ किलोंहून अधिक भार देऊं नये. आणि १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी कामगारांसाठीं कायदा केला. संकेतचा गट ५५ किलोंचा, हमालाची मर्यादाहि ५५ किलोंची, हा योगायोग खरा; पण त्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. खेळाडूनें एका क्षणापुरतें अधिकांत अधिक किती उचलावें, हा एक प्रश्न. माणसानें जन्मभर रोज किती उचललें म्हणजे तो मोडणार नाहीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शोधण्यांत आम्ही जितकी बुद्धि वेंचली, तितकी दुसऱ्यासाठीं वेंचली नाहीं.

तेव्हां व्यायामशाळेंतल्या त्या तरुणाला काय सांगावें? शेजाऱ्याच्या कांबेवरील चकत्या मोजून स्वतःला दुबळा ठरवूं नये, हें पहिलें. आंकडा सांगावयाचा तर सोबत स्वतःचें वजन सांगावें, कोणती उचल तें सांगावें, आणि ती पुरी झाली कीं अर्धी, हेंहि प्रामाणिकपणें सांगावें. एवढें नसेल तर शंभर किलो आणि बडोद्याची शिळा यांत फरक उरत नाहीं. तालमीनें दम पाहिला, मैदानानें प्रतिपक्षी पाहिला, कांबेनें किलो पाहिले. तिन्ही मापें खरीं आहेत, आणि प्रत्येक माप आपल्यापुरतेंच खरें आहे. सहा महिन्यांपूर्वीं जें वजन जमिनीवरून हालत नव्हतें तें आज पाठ सरळ ठेवून वर येतें, आणि दुसऱ्या दिवशीं मागावर आठ तास उभें राहण्याची ताकद शिल्लक राहते, एवढें ज्याला साधलें त्याला आम्ही निःशंकपणें बलवान म्हणूं.