शरणपूरचा जेकब

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांचा निरोप्या बहुधा घोड्यावर बसलेला असतो. बर्फाने झाकलेली वाट, फेसाळलेला घोडा आणि छातीशी जपलेले पत्र. अशी चित्रे घराघरांतून लागत त्याच काळातील, १८७४ सालचे, एक चित्र मात्र निराळे आहे. त्यात घोडा नाही, धावपळ नाही. एका शवपेटीजवळ एक आफ्रिकी तरुण आहे. पेटीत डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा देह आहे. आणि तो तरुण, जेकब वेनराइट, आपल्या नाशिकच्या शाळेत शिकलेला आहे.

गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले त्या काळी मुंबईत आणली जात. त्यांच्यापैकी कित्येकांना चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वस्तीत आश्रय मिळाला. तेथे अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. जेकब याओ जमातीचा. १८७२ साली लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी जे नाशिककर आफ्रिकेत गेले, त्यांत तो होता.

१ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, डॉक्टर निवर्तले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर नाव व तारीखही त्यानेच कोरली. मिठाने व उन्हाने वाळविलेला देह झाडाच्या सालीत गुंडाळून ते समुद्राकडे निघाले. त्सेत्से माशीच्या त्या मुलखात घोडा जगत नसे. त्यामुळे निरोपही पायीच न्यावयाचा. मदत घेऊन डॉक्टरांचा मुलगा येत आहे, अशा समजुतीने जेकबने त्याच्या नावे पत्र लिहिले. पित्याच्या मृत्यूची बातमी आणि आपल्या उपासमारीची हकीकत, दोन्ही त्याच कागदावर. ते घेऊन चुमा पुढे गेला आणि ऑक्टोबरमध्ये उन्यान्येंबे येथे पोहोचला. तेथे भेटला तो लेफ्टनंट कॅमेरॉन.

देह येथेच पुरावा, असा कॅमेरॉनने सल्ला दिला. व्यवहाराच्या दृष्टीने तो वावगा नव्हता. परंतु या माणसांनी तो मानला नाही. पुढे वाटेतल्या लोकांनी प्रेत नेण्यास हरकत घेतली, तेव्हा त्यांनी खोटेच गाठोडे बांधून ते दफनासाठी मागे पाठविल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. मला तरी ही युक्ती त्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. आज्ञा देणारा धनी उरला नव्हता. निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोस पोहोचल्यावर या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या देहाला आसरा मिळाला तो पवित्र आत्म्याच्या संघाच्या फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंच्या मिशनमध्ये. पंथांतील तेढ त्या काळी आजच्यापेक्षा कितीतरी तीव्र होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आदरातिथ्याचे मोल कळते.

१८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब हा एकटाच आफ्रिकी होता. त्याचा प्रवासखर्च मिशनने केला होता. पुढे मोंबासाजवळ फ्रेअर टाउन वसले, तेव्हा शरणपूरचे अनेक आफ्रिकी तेथे स्थायिक झाले. जेकब १८९२ साली आफ्रिकेतच वारला.

चुमा आणि त्याचा जोडीदार सुसी यांचेही चित्र डॉक्टरांच्या अखेरच्या रोजनिशीत छापले गेले. पण ते दोघे इंग्लंडला पोहोचले, तेव्हा दफनविधी उरकून गेला होता.